वन्संची अर्धी गोळी

बुधवार, ३ मे

आज आलं ते: दाबाच्या गोळ्या, एक पट्टी, १८.५०. डॉक्टरीणबाईंची फी ४०. झाकणाचा नवा तांब्या ११०. साबणाच्या दोन वड्या १२. जाण्यायेण्याचं भाडं २०. येताना वन्सं चालत जाऊ म्हणत होत्या, ऊन बघून मीच ऐकलं नाही.

तांब्याचा खर्च औषधाखाली लिहावा की देवाखाली, यावर जरा घुटमळले. औषधाखाली लिहिला.

वन्संचा रक्तदाब वरचा एकशे बहात्तर, खालचा शहाण्णव निघाला. डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या. बोलायला गोड, पण एक डोळा दाराकडे, कारण बाहेर बाकं भरून लोक उभे. म्हणाल्या, "आजी, रोज सकाळी अर्धी गोळी. जादाचं मीठ आणि पाणी लघवीवाटे निघून जातं, मग दाब उतरतो. जेवणात मीठ कमी करा. उन्हाळा आहे, पाणी नीट प्या. दोन आठवड्यांनी रक्त तपासून मला दाखवा."

"आजी कुणाची?" वन्सं म्हणाल्या. "मी लग्नच केलं नाही. पस्तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या गाठी घातल्या."

डॉक्टरीणबाई हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वन्सं कुठेही गेल्या की पहिल्या वाक्यात समोरच्याची विकेट काढतात.

हे बोगद्याच्या कामावर गेल्याला आता तिसरा महिना. जाताना पायात बूट घालता घालता म्हणाले, "ताईकडे लक्ष दे. तिच्या पगारावर मी शिकलो." जसं काही मला ठाऊक नाही. सव्वीस वर्षं तेच ऐकत्ये, आणि वन्संच्या नावावरच्या घरात राहत्ये.

मीठ कमी करायचं तर ते अर्धवट कशाला? चिमूट घालू की दीड चिमूट, असला घोळ मला जमत नाही. स्वयंपाकातलं मीठ आजपासून बंद. लोणच्याची बरणी माळ्यावर. देवापुढे हात जोडून बोलून टाकलं, वन्संचा दाब जाग्यावर येईपर्यंत या घरात मिठाचा खडा शिजणार नाही, मीही अळणीच खाईन. रात्री नवा तांब्या भरून देवापुढे ठेवायचा, सकाळी प्रार्थना म्हणायची आणि दिवसभरात वन्संनी तो संपवायचा. पाणी नीट प्यायला डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. औषधही झालं, देवाचंही झालं.

शनिवार, ६ मे

जेवताना वन्संनी भाताचा घास तोंडात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "खजिनदारीणबाई, मिठाचा भाव चढलाय का?"

"वन्सं, तुमच्यासाठीच चाललंय."

"'तुमच्यासाठीच' म्हणत खून झालेले मी ऐकलेत ट्रंक लाईनवर."

मला त्या खजिनदारीणबाई म्हणतात ते हिशेब लिहिते म्हणून. लग्न झालं तेव्हा राग यायचा. आता त्या नावाने नाही बोलावलं तर काही बिनसलंय का असं वाटतं.

न्हाणीघरात सारख्या जातात. गोळी काम करतेय म्हणायची. तांब्या मात्र संपवतात. देवाचं पाणी म्हटलं की वाद घालत नाहीत. त्यांचा देवावर माझ्याइतका विश्वास नाही, पण माझ्या विश्वासाचा मान ठेवतात. हे त्यांचं एक मोठेपण मला लिहिलंच पाहिजे, कारण बाकी बरंच काही मनातल्या मनात बोलून झालेलं असतं.

गुरुवार, ११ मे

औषधाच्या दुकानात दाब मोजून घेतला, ५. वरचा एकशे छत्तीस, खालचा ब्याऐंशी! दुकानदार म्हणाला, "वा, मावशी, तरुण झालात." वन्सं म्हणाल्या, "मग उधारी वाढवा."

घरी येऊन देवापुढे जास्तीचा दिवा लावला. नवस लागू पडला; दाब पुन्हा चढायला नको म्हणून अळणीचं पुढेही बोलून टाकलं.

वन्संची जीभ कोरडी पडते, आणि पाणी एवढं बाहेर जातंय तर आत नको का जायला? म्हणून आजपासून दोन तांबे.

बुधवार, १७ मे

आज रक्ताचा दिवस. तपासणीच्या दुकानात विचारलं, १८० म्हणाले. एकशे ऐंशी! आणि उत्तर काय, तर कागदावर चार आकडे. दाब उतरलाय हे आपल्या डोळ्यांनी बघितलं, आता रक्तात आणखी काय शोधायचं? वन्संनाही टोचून घ्यायचं नव्हतं. "मला बरं वाटत नाहीये, त्यात सुई नको," म्हणाल्या. पुढच्या महिन्यात करू. मुलीला सातवा महिना लागलाय, ती बाळंतपणाला येईल तेव्हा हात मोकळा लागेल.

बरं वाटत नाही म्हणजे: अन्नावर वासना नाही, पोटऱ्यांत गोळे येतात, सकाळी एकदा उलटी. उलटीत गोळी पडली असेल म्हणून दुसरी अर्धी दिली. उन्हाळाच असा आहे. समोरच्या मावशीही म्हणाल्या, त्यांनाही काही जात नाही.

शनिवार, २० मे

वन्सं न्हाणीच्या उंबऱ्याशी पडल्या. हाडाला काही झालं नाही, देवाची कृपा. कोपर सोलवटलं. मी उचलायला गेले तर माझ्याकडे असं बघितलं, जणू आमची ओळख नाही. मग एकदम म्हणाल्या, "कुठला नंबर हवाय तुम्हाला?"

मला वाटलं थट्टा करतायत. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

दुपारभर झोपून होत्या. उठवून उठवून पाणी पाजलं.

सोमवार, २२ मे

काय लिहू? सकाळी चहाचा कप हातात दिला तर तो कानाला लावला. "हॅलो, बोला, लाईन चालू आहे," म्हणाल्या. चहा मानेवरून ओघळला. भाजलं नाही, कोमट होता.

मग माझा हात धरून अगदी काकुळतीने, "बाई, त्याची फी भरायची आजची शेवटची तारीख आहे. मला लवकर सोडा ना ड्यूटीवरून." ही यांची फी. तीस वर्षांपूर्वी भरून झालेली.

मला रडू आवरेना. स्वयंपाकघरात जाऊन रडले, पदराने तोंड पुसून बाहेर आले.

समोरच्या मावशी आल्या होत्या. खुर्चीत बसून वन्संकडे बराच वेळ बघत होत्या. बाहेर येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, हे म्हातारपण. आमच्या सासूचं असंच सुरू झालं. आधी नावं विसरली, मग आम्हाला चोर म्हणायला लागली. चार वर्षं काढली मी. तू एकटी, नवरा बाहेर, मुलगी येणार. ऐक माझं, आत्ताच सोय बघ."

"पण महिन्यापूर्वी तर या मला शब्दकोडं सांगत होत्या."

"असंच असतं. वरचा मजला एकदा रिकामा व्हायला लागला की धाडधाड होतो."

त्यांनी एका आश्रमाचा पत्ता दिला. योगायोग असा, की ते गाव यांच्या बोगद्याच्या पायथ्याशीच आहे. बाग आहे म्हणे, आणि रोज संध्याकाळी प्रार्थना.

डॉक्टरीणबाईंकडे न्यावं असं मनात आलं. पण त्या दाबाच्या डॉक्टर, आणि दाब तर उत्तम आहे. म्हातारपणावर त्या काय देणार? गोळी चुकवलेली नाही, एवढं तरी मी त्यांना ताठ मानेने सांगू शकेन.

मंगळवार, २३ मे

यांना पत्र टाकलं. सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं की आश्रम पाहून या, जागा असेल तर विचारून ठेवा.

पाकीट चिकटवलं तेवढ्यात मुलीचं पत्र आलं. जूनच्या शेवटी येते म्हणते. लिहिते, "आई, मला मागची खोली दे, तिथे वारा येतो." मागची खोली म्हणजे वन्संची.

इथे खोटं लिहायचं तर ही वही ठेवायची कशाला? ते वाक्य वाचून मला पहिल्यांदा वाईट वाटलं नाही. पहिल्यांदा वाटलं, बरं होईल. पाळणा खिडकीशी, पलंग भिंतीकडे. मग वाईट वाटलं. देवापुढे बसले, पण प्रार्थनेत लक्ष लागेना, पाळणाच डोळ्यासमोर.

शनिवार, २७ मे

वन्सं आता बोलतात कमी, झोपतात जास्त. बोलल्या तर तुटक. डोकं दुखतं म्हणतात. मी आजपासून तिसरा तांब्या सुरू केलाय. तिसऱ्या तांब्याशी जास्तीची प्रार्थना. त्यांचं डोकं मांडीवर घेते, वाटी ओठांना लावते, त्या मुकाट पितात. पूर्वी कधी त्या इतक्या मुकाट राहिल्या नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटते.

यांना दुसरं पत्र टाकलं: लवकर करा, जुलैच्या आत झालं पाहिजे, अनामत भरायची तर भरून टाका.

त्यांची पेटी आवरायला घेतली. सुती पातळं, गुडघ्याचे पट्टे, चष्मा, टेलिफोन ऑफिसने निवृत्तीला दिलेलं घड्याळ. घड्याळ न्यायचं की नाही ते ठरेना. वन्सं पलंगावरून बघत होत्या. मला वाटलं झोपल्यात. एकदम स्पष्ट आवाज आला, "कोण चाललंय?"

"कुणी नाही, वन्सं. कपडे उन्हात घालत्ये."

झाकण लावलं आणि पेटी दाराआड सरकवली.

मंगळवार, ३० मे

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं येईल.

दुपारी भांडी घासत होते. खोलीतून धडधड आवाज आला, पलंग भिंतीवर आपटत होता. वन्संचं अंग ताठ, हातपाय झटके देतायत, डोळे वर, तोंडातून फेस. मी देवाचं नाव घेऊन ओरडले, की नुसतीच ओरडले, आठवत नाही. समोरच्या मावशींनी गाडी थांबवली. मावशी एरवी कितीही बोलोत, गाडीत त्यांनीच वन्संचं डोकं एका कुशीवर धरून ठेवलं.

इस्पितळात आमच्याच डॉक्टरीणबाई होत्या, मंगळवारी त्या इथे असतात. धावत आल्या. सुया, नळ्या, रक्त काढून घ्यायच्या बाटल्या. जरा झटके थांबल्यावर माझ्याकडे वळून विचारलं, "दोन आठवड्यांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. रिपोर्ट कुठंय?"

मी म्हटलं, "दाब अगदी छान उतरलाय हो. एकशे छत्तीस."

"रिपोर्ट, काकू."

"नाही केला."

त्या वळून पुन्हा आत गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आता दार बंद आहे. काचेतून पडदाच दिसतो. यांना तार केली: बहीण इस्पितळात, या.

बुधवार, ३१ मे

वन्सं जिवंत आहेत. आधी हे लिहून ठेवते.

डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून स्टुलावर बसवलं. कागद पुढे केला. मिठातलं जे सोडियम, ते रक्तात एकशे पस्तीसच्या वर लागतं. वन्संचं एकशे बारा. दुसरं एक पोटॅशियम, तेही खाली. पोटऱ्यांतले गोळे त्याचेच असावेत.

"त्या पाणी किती प्यायच्या?"

मला वाटलं निदान इथे तरी माझी पाटी कोरी नाही. म्हटलं, "आधी एक तांब्या. मग दोन. आता तीन. एकही दिवस चुकवला नाही मी."

"आणि मीठ?"

"अजिबात नाही. घरात शिजवतच नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काकू, ही गोळी मीठ बाहेर काढते. तुम्ही आत येणारं मीठ बंद केलंत. आणि उरलं होतं त्यात तांबेच्या तांबे ओतून ते पातळ केलंत. रक्त पातळ झालं की पाणी मेंदूत शिरतं, मेंदू सुजतो. विसरणं, पडणं, फिट, सगळं त्याचं."

"म्हणजे हे म्हातारपण नाही?"

"म्हातारपण तीन आठवड्यांत येत नाही."

देवापुढचं पाणी. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी पाजलं. ज्या दिवशी जास्त बिघडल्या त्या दिवशी जास्त पाजलं, प्रार्थना म्हणून पाजलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी 'मीठ कमी' म्हटलं, किती ते सांगितलं नाही. 'पाणी नीट' म्हटलं, नीट म्हणजे किती तेही नाही. इतक्या बारीक अंगाच्या, वयस्क बाईला ही गोळी देताना धोका जास्त असतो, रक्त कशासाठी तपासायचं ते बसवून सांगायला हवं होतं. बाहेर रांग होती." मग म्हणाल्या, "रांग रोजच असते."

त्यांनी स्वतःकडे वाटा घेतला म्हणून माझा कमी झाला असं मला वाटलं नाही.

गुरुवार, १ जून

आज मी आणखी एक करून बसणार होते.

घरी जाऊन मीठ काढलं. नवस मोडताना देवाकडे बघवेना, पाठ करूनच डबा उघडला. कोमट पाण्यात भरपूर मीठ ढवळून थर्मासमध्ये भरलं. म्हटलं, मीठ कमी पडलंय ना, मग एका दिवसात भरून काढते. वन्सं अर्धवट जाग्या होत्या. वाटी ओतली, चमचा ओठांपर्यंत नेला, तेवढ्यात पाळीवरच्या सिस्टरने मनगट धरलं.

"काय आहे यात?"

"मीठपाणी."

"बाई, तुम्हाला अर्धवट काही जमतच नाही का?"

तिला कुणी सांगितलं असेल माझ्याबद्दल? की तोंडावरच लिहिलंय?

डॉक्टरीणबाई आल्या. रागावल्या नाहीत, पण आवाज असा होता की वॉर्डातल्या बाया गप्प झाल्या. म्हणाल्या, जे उतरलंय ते एकदम चढवलं तर मेंदूच्या नसांना कायमची इजा होते, माणूस शुद्धीवर येतो आणि मग लुळा पडतो. फिट थांबवण्यापुरतं त्यांनी लगेच चढवलं, आता पुढचं अगदी सावकाश, दर काही तासांनी रक्त तपासून. गोळी बंद, पाणीही मोजून. "तुम्ही काही करू नका. करायचं नाही, हेच आत्ता तुमचं काम आहे."

बाकावर बसून राहिले. काही न करणं इतकं अवघड असतं हे ठाऊक नव्हतं. हातांना सवय नाही. घटकेघटकेला आकडा कळेपर्यंत जीव टांगणीला. एकशे सतरा. फार भराभर नाही ना? नाही, म्हणाल्या, ठीक आहे. प्रार्थना करावी म्हटलं तर शब्द ओठांशी येऊन थांबतात. काय मागू? मागच्या खेपेला मागितलं ते मिळालं. दाब उतरला.

शुक्रवार, २ जून

यांची तार आली. साहेब सोडत नाही, तू आहेस ना.

कामच तसं आहे त्यांचं. बोगद्याचं तोंड उघडं टाकून कसं येणार?

तारेत आश्रमाचं काही नाही. माझं पहिलं पत्र एव्हाना पोचलं असणार. दुसरंही.

आकडा एकशे तेवीस. वन्संनी सिस्टरला विचारलं, "इथे चहात साखर घालतात की तीही बंद आहे?" सिस्टर सांगायला बाहेर आली. मी भिंतीला टेकून रडले. सिस्टर म्हणाली, "आता कशाला रडता?"

सोमवार, ५ जून

आकडा एकशे तेहतीस. नळी काढली. वन्सं उशीला टेकून बसल्या होत्या, वेणी सिस्टरने घातलेली, तिरपी.

मी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आधी सांगितलंच होतं, पण माझ्या तोंडून सांगायला हवं होतं. मीठ, तांबे, न केलेली रक्ततपासणी.

"म्हणजे तू मला देवाच्या पाण्यात बुडवलंस."

मी हो म्हटलं.

"आणि मी बुडाले. 'पुरे' म्हणायची अक्कल मलाही नव्हती. एवढी फटकळ मी, आणि पाण्यासाठी तुला 'नको' म्हणता आलं नाही." मग हळूच, "तू इतक्या मनापासून पाजायचीस."

मला वाटलं संपलं. संपलं नव्हतं.

"ती पेटी कुणाची बांधत होतीस?"

"तुम्हाला आठवतंय?"

"सगळं ऐकू येत होतं गं. क्रॉस लाईन लागल्यावर येतं तसं. आपल्याला बोलता येत नाही, दुसऱ्यांचं बोलणं ऐकत बसायचं. वरचा मजला रिकामा झाला, हेही ऐकलं. सोय बघ, हेही ऐकलं. वाटायचं, ओरडून सांगावं, अहो मी इथेच आहे, फोन ठेवू नका." त्यांनी चादरीची घडी सरळ केली. "कुठे पाठवणार होतीस?"

मी सांगितलं. पत्रांचंही सांगितलं. जुलैच्या आत, हे शब्द तेवढे सांगायची हिंमत झाली नाही. मग तेही सांगितलं. खोलीचं, पाळण्याचं.

वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "खोली मागितली असतीस तर मी दिली असती. पाळणा मीच हलवला असता." आणि मग, "त्याने काय उत्तर दिलं?"

"अजून आलं नाही."

"बरं," म्हणाल्या. त्या 'बरं'नंतर दिवसभर मला खजिनदारीणबाई म्हणाल्या नाहीत.

बुधवार, ७ जून

घरी आलो. आलं ते: दाबाची नवी गोळी, दुसऱ्या जातीची, एक पट्टी, ३१. रक्ततपासणी पुढच्या आठवड्याची, आगाऊ भरून ठेवली, १८०. पैसे देताना हात आखडला नाही.

डॉक्टरीणबाईंनी या वेळी दार लावून घेतलं आणि दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. लघवीच्या त्या जातीची गोळी वन्संना पुन्हा नको. दुसरा कुणी डॉक्टर लिहून देऊ लागला तर आधी हे सांगायचं. गोळी वाईट नाही, पुष्कळांना छान लागू पडते, पण सुरू केल्यावर एकदोन आठवड्यांत आणि पुढेही मधून मधून रक्त बघावंच लागतं. दाब यंत्रावर दिसतो, मीठ उतरलेलं कुठे दिसत नाही. उलट्या, जुलाब, खाणं बंद, पाय वळणं, एकाएकी गोंधळणं, यातलं काही झालं तर घरी वैद्यकी करायची नाही, फोन करायचा. जेवणात मीठ कमी म्हणजे वरून घ्यायचं नाही, लोणचं रोज नाही. स्वयंपाकात नेहमीपेक्षा थोडं हात राखून घालायचं. पाणी तहान लागेल तसं.

"तहान लागेल तसं," वन्संनी माझ्याकडे बघून पुन्हा म्हटलं. "वाढीव प्रार्थना नको."

आम्ही दोघी का हसलो ते डॉक्टरीणबाईंना कळेना.

संध्याकाळी भात टाकला. मीठ घातलं. देवाला म्हटलं, बोललेलं मोडत्ये, काय करायचं ते माझं कर. वन्संनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. "बरा झालाय," म्हणाल्या.

पेटी उघडून सगळं जागच्या जागी लावलं. त्या बघत होत्या, मी मुद्दामच त्यांच्यासमोर लावलं.

गुरुवार, ८ जून

आजही टपाल आलं, पण यांचं नव्हतं. पोस्टमनची वेळ झाली की वन्सं खिडकीशी जाऊन बसतात. विचारत काहीच नाहीत. ते बघवेना, म्हणून मीच लिहायला बसले. ही त्याची नक्कल, पाठवलेल्या शब्दात पुढे मला फिरवाफिरव करता येऊ नये म्हणून.

*सप्रेम नमस्कार. वन्सं घरी आल्या. जेवतात, काल शब्दकोड्यातला माझा एक शब्द चुकीचा ठरवला. त्यांना म्हातारचळ लागलेला नव्हता. गोळी, अळणी जेवण आणि मी पाजलेलं पाणी, यांनी त्यांच्या रक्तातलं मीठ उतरवलं होतं. वेळेवर रक्त तपासलं असतं तर कळलं असतं. तपासणीचे पैसे मी वाचवले. हे डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं आणि मी तुम्हाला लिहिते आहे, कुणी माझ्यावर ढकललेलं नाही.*

*माझी आधीची दोन पत्रं रद्द समजा. दुसऱ्या पत्रातलं "जुलैच्या आत" हे वन्संच्या आजारामुळे नव्हतं, खोलीसाठी होतं. मुलीला मी पुढची खोली लावून देते आहे, वारा कमी येतो, पंखा घेऊ.*

*तुम्ही आश्रमात गेला असाल तर पुन्हा जा आणि नाव काढून घ्या. अनामत भरली असेल तर परत मिळो न मिळो, नाव ठेवू नका.*

*आता मुख्य गोष्ट. वन्संनी मला विचारलं, त्याने काय उत्तर दिलं? मी म्हटलं, आलं नाही. तेव्हा ते खरं होतं. आता त्यांना उत्तर हवं आहे, आणि ते मी देऊ शकत नाही. तुम्ही "नको" म्हणाला होतात, की "हो" म्हणाला होतात, की पत्र वाचून खिशात ठेवलंत, ते जसं असेल तसं लिहा. गोड करून लिहू नका. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांचं बोलणं कानाने पारखलंय, कागदावरूनही त्यांना कळेल. साहेबांनी सोडलं तर पत्रापेक्षा तुम्हीच या. नाही सोडलं तर सोडत नाहीत की तुम्ही विचारलंच नाहीत, तेही लिहा.*

*पत्र माझ्या नावावर नको. पाकिटावर त्यांचं नाव घाला, पूर्ण नाव, नोकरीत होतं तसं. मी फोडणार नाही. त्या रोज खिडकीशी बसतात. उलट टपाली कळवा.*